उंची, दिशा आणि वेळ सांगणारे मनगटी घड्याळ

हिमालयातील एखाद्या खिंडीखाली गिर्यारोहकांचा मुक्काम पडला आहे, अशी कल्पना करावी. सायंकाळी तंबू ठोकताना त्यांच्यापैकी एकाच्या मनगटावरील घड्याळाने त्या जागेची उंची ४,२०० मीटर दाखविली. रात्र झोपेत गेली. पहाटे उठून पाहावे तो तेच घड्याळ ४,२५० मीटर हा आकडा दाखवीत आहे. तंबू तर जागचा तसूभरही हललेला नाही. मग रात्रीत पन्नास मीटर वर चढले कोण? नवखा मनुष्य घड्याळ बिघडले असे समजून आकडा पूर्ववत करील आणि खिंडीची वाट धरील. जाणता मनुष्य आधी आकाशाकडे पाहील व त्या दिवसाचा बेत पुन्हा तपासून घेईल. कारण घड्याळात काहीच बिघाड झालेला नसून रात्रीतून तेथील हवेचा दाब बराच उतरलेला आहे, हे त्याला त्या आकड्यावरून कळते.

अशा प्रकारची घड्याळे आज गिर्यारोहक, विमानचालक, वनरक्षक, भूमापक, सैनिक अशा उघड्यावर काम करणाऱ्या अनेकांच्या हातावर दिसतात. त्यांचे कवच जाड असते, काच कडेच्या पातळीहून जरा खोल बसविलेली असते, आणि कळा हातमोजे घालूनही दाबता येतील इतक्या मोठ्या असतात. वेळ काट्यांऐवजी आकड्यांनी दिसते. तिच्या जोडीला उंची, हवेचा दाब, दिशा आणि तापमान यांचेही आकडे एकामागून एक पाहता येतात. एवढ्याशा डबीत इतकी उपकरणे मावलेली पाहून कौतुक वाटणे साहजिक आहे. परंतु ती वापरणाऱ्याने प्रथम एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या सर्वांपैकी वेळ तेवढी हे घड्याळ खऱ्या अर्थाने स्वतः मोजते. उंची ते मोजीतच नाही; ते हवेचा दाब मोजते व त्यावरून उंचीचे गणित मांडते. उत्तर दिशा म्हणून ते जी दाखविते ती त्याच्या आसपासच्या एकूण चुंबकी क्षेत्राची दिशा असते. आणि तापमान म्हणून ते जे सांगते ते पुष्कळदा बाहेरच्या हवेचे नसून घड्याळाच्या स्वतःच्या अंगाचे असते.

वेळ मोजण्याचे काम क्वार्ट्झच्या एका सूक्ष्म स्फटिकाकडे असते. नादकाट्याच्या आकारात कापलेल्या या स्फटिकाला विजेचा अल्पसा पुरवठा केला म्हणजे तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटली तरी सहेतुक निवडलेली आहे. तिची पंधरा वेळा निम्मी निम्मी करीत गेल्यास बरोबर एक उरतो, आणि निम्मी करण्याचे काम विद्युत्‌मंडलाला फार सोपे जाते. क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ जपानमध्ये सैको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात विक्रीस आणले. साधारण क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांहून अधिक चुकत नाही.

मात्र नाजूक यंत्र आणि खडतर काम यांचा मेळ बसावयास आणखी काही वर्षे जावी लागली. जपानच्याच कॅसिओ कंपनीतील अभियंता किकुओ इबे यांना वडिलांनी दिलेले घड्याळ एकदा हातातून पडून फुटले, आणि न फुटणारे घड्याळ करण्याचा त्यांना ध्यास लागला. दहा मीटर उंचीवरून पडले तरी टिकावे, दहा बार दाबाच्या पाण्यात चालावे आणि विद्युत्‌घट दहा वर्षे पुरावा, असा त्यांचा संकल्प होता. नमुन्यामागून नमुने तिसऱ्या मजल्यावरील खिडकीतून खाली टाकून पाहिले जात. प्रत्येक वेळी कोणता ना कोणता भाग निकामी होई. शेवटी चेंडूशी खेळणाऱ्या एका मुलीकडे पाहता पाहता त्यांना सुचले की, चेंडू आपटला तरी त्याच्या मध्यबिंदूला धक्का बसत नाही. घड्याळाचे यंत्र कवचाला घट्ट न जखडता ते पोकळीत थोड्याच ठिकाणी टेकवून जणू तरंगत ठेवले, तर कवचाला बसलेला धक्का आत पोहोचणार नाही. या युक्तीवर बेतलेले जी-शॉक हे घड्याळ १९८३ साली बाजारात आले. दाब, दिशा व तापमान ओळखणारे संवेदक अशा दणकट घड्याळांत बसविण्याचा प्रघात पुढील दशकात रुळला.

आता उंचीच्या आकड्याकडे वळू. आपल्यावर हवेचा जो थर आहे त्याच्या वजनामुळे हवेचा दाब उत्पन्न होतो. वर चढावे तसा डोक्यावरचा थर कमी होतो व दाब उतरतो. हे प्रथम प्रयोगाने दाखवून दिले ते फ्रान्समध्ये. ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए हे १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी घेऊन प्यूई द डोम नावाच्या डोंगरावर चढले. पायथ्याच्या गावी मागे ठेवलेल्या दुसऱ्या नळीतील पारा दिवसभर स्थिर राहिला. माथ्यावर नेलेल्या नळीतील पारा मात्र आठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक उतरला. पेरिए यांनी खाली एक नळी ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक मनुष्य बसविला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. दाब चढल्यामुळे उतरला की हवामान पालटल्यामुळे उतरला, याचा निर्णय त्या मागे राहिलेल्या नळीमुळे करता आला. मनगटावरील घड्याळाजवळ अशी दुसरी नळी नसते. तिची उणीव वापरणाऱ्याने आपल्या बुद्धीने भरून काढावयाची असते.

घड्याळात पारा अर्थातच नाही. सिलिकॉनचा एक अत्यंत पातळ पडदा निर्वात पोकळीवर ताणून बसविलेला असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो, आणि वाकताना त्याच्यावरील सूक्ष्म वाहकांचा विद्युत्‌रोध बदलतो. त्या बदलावरून दाब कळतो. त्यापुढे गणित येते. समुद्रसपाटीवर दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल व तापमान १५ अंश सेल्सिअस आहे, आणि दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते, असे एक काल्पनिक ‘प्रमाण वातावरण’ सर्व देशांनी मान्य केलेले आहे. (हेक्टोपास्कल म्हणजेच पूर्वीचा मिलिबार होय.) मोजलेला दाब या प्रमाण वातावरणात कोणत्या उंचीवर आढळला असता, ते घड्याळ आपणांस सांगते. समुद्राजवळ दाब एक हेक्टोपास्कल उतरला की सुमारे आठ मीटर चढलो असे ते मानते. साडेपाच हजार मीटरांवर, जेथे दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, तेथे तेवढाच फरक सुमारे पंधरा मीटरांचा ठरतो.

खरे वातावरण या काल्पनिक वातावरणासारखे क्वचितच असते, आणि सर्व घोटाळे येथूनच निर्माण होतात. पहिला घोटाळा आरंभी सांगितलेला. दाब चार हेक्टोपास्कलांनी उतरला की ४,२०० मीटरांवरील तंबू घड्याळाच्या लेखी पन्नास मीटर वर जातो. मुक्कामाच्या जागी हा दोष गुणासारखा वापरता येतो. चढउतार थांबली म्हणजे दाबाचा आकडा पाहून ठेवावा आणि काही तासांनी पुन्हा पाहावा. तीन तासांत चार हेक्टोपास्कलांची घट दिसली तर वादळाची शंका घ्यावी; काही घड्याळे याच मर्यादेला आपणहून गजर करतात. अर्थात चालत असताना या गजराला काही अर्थ नाही, कारण मनुष्य चढू लागला की दाब उतरणारच.

दुसरा घोटाळा आपल्या देशात विशेष जाणवतो, आणि थंड देशांत छापलेल्या माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख बहुधा नसतो. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज भरती-ओहोटीप्रमाणे दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो अधिक असतो. पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत हा फरक सुमारे तीन हेक्टोपास्कलांचा भरतो. समजा, कोणी सकाळी दहा वाजता कळसूबाईच्या पायथ्याशी घड्याळ जुळवून घेतले आणि रमतगमत चार वाजता शिखरावर पोहोचले. शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. हवामान अगदी निवळ असले तरी घड्याळ केवळ या रोजच्या ओहोटीमुळे पंचवीस-तीस मीटर अधिक दाखवू शकेल. त्यावरून वादळाची भीती बाळगण्याचेही कारण नाही आणि घड्याळास नावे ठेवण्याचेही नाही.

तिसरा घोटाळा तापमानाचा. उष्ण हवा फुगलेली असते. त्यामुळे दाबाची तेवढीच घट होण्यासाठी अधिक उंची चढावी लागते. हवा प्रमाण वातावरणापेक्षा पंधरा अंशांनी उष्ण असेल तर प्रत्यक्ष हजार मीटर चढून गेल्यावर घड्याळ सुमारे साडेनऊशेच सांगते. याचे अतिशय बोलके उदाहरण एव्हरेस्टच्या माथ्यावर मिळाले. अमेरिकन वैद्यकीय संशोधन मोहिमेतील डॉ. क्रिस्टोफर पिझो यांनी ऑक्टोबर १९८१ मध्ये शिखरावर प्रत्यक्ष दाब मोजला. तो पाऱ्याच्या २५३ मिलिमीटरांइतका भरला. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने तेथे सुमारे २३६ मिलिमीटर दाब असावयास हवा होता. विषुववृत्ताकडील उबदार हवेचा थर जाड असतो, म्हणून हा फरक. केवळ प्रमाण वातावरणावर विसंबणारे घड्याळ त्या दिवशी शिखराची उंची साडेचारशे मीटरांहूनही अधिक कमी सांगते. शिखरावर उभ्या राहिलेल्या मनुष्याला ते सांगते की अजून बरेच चढावयाचे आहे! शरीराच्या दृष्टीने मात्र हीच गोष्ट वरदान ठरली. त्या थोड्या अधिक दाबामुळेच प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय तेथे जाणे मनुष्याला शक्य होते.

या तिन्ही घोटाळ्यांवर उपाय एकच, आणि तो पेरिए यांच्या मागे राहिलेल्या नळीचीच आठवण करून देतो. ज्या जागेची उंची निश्चित ठाऊक आहे अशा प्रत्येक जागी घड्याळ जुळवून घ्यावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर खिंड, शिखर, पूल अशा जागांच्या उंचीचे आकडे व समोच्च रेषा दिलेल्या असतात. दिवसातून तीन-चार वेळा तरी त्यांच्याशी ताळा पाहावा. असे केले म्हणजे घड्याळाचा खरा उपयोग दिसून येतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या सोंडेवर धुके उतरले आणि चार पावलांपुढचे दिसेनासे झाले, की ‘आपण कोठे आहोत’ या प्रश्नाचे उत्तर डोळे देऊ शकत नाहीत. परंतु आपण अमुक सोंडेवर आहोत एवढे ठाऊक असले, आणि घड्याळ नुकतेच जुळविलेले असले, तर नकाशावर ती सोंड व ती समोच्च रेषा जेथे एकमेकींस छेदतात तेथेच आपण उभे आहोत. खाली उतरण्याची वाट कोणत्या उंचीवर फुटते हे आधी नकाशात पाहून ठेवलेला मनुष्य तेथे थांबतो. न पाहिलेला पुढे जातो, आणि पुढे कडा असू शकतो.

दिशेविषयी थोडक्यात सांगता येईल. घड्याळातील चुंबकी संवेदक पृथ्वीचे क्षीण चुंबकी क्षेत्र ओळखतो. पण जवळच्या लोखंडाला किंवा विजेच्या प्रवाहाला तो पृथ्वीपासून वेगळे ओळखू शकत नाही. हे क्षेत्र किती सहज बिघडते याची साक्ष मुंबईच्या इतिहासातच आहे. कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद होत असे. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच ती निरीक्षणे तेथे निरुपयोगी होतील हे शास्त्रज्ञांनी ओळखले, आणि १९०४ साली अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात चुंबकी पदार्थ येणार नाहीत याची दक्षता घेतली होती. दोन्ही ठिकाणची निरीक्षणे दोन वर्षे बरोबरीने घेऊन मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. ट्रामसाठी जर वेधशाळा हलवावी लागते, तर बर्फाची कुऱ्हाड हातात धरून, मोटारीच्या टपावर हात टेकून किंवा भ्रमणध्वनी शेजारी ठेवून पाहिलेल्या दिशेवर किती विश्वास ठेवावा, हे वाचकांनी ठरवावे. घड्याळ हातातून काढून आडवे धरावे, लोखंडापासून काही पावले दूर जावे, आणि विद्युत्‌घट बदलल्यावर माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते फिरवून पुन्हा जुळवावे. चुंबकी उत्तर व खरी उत्तर यांच्यातील कोनास दिक्पात म्हणतात. भारताच्या बहुतेक भागात तो लहान असल्याने येथे फारशी अडचण येत नाही. परदेशात जाणाऱ्याने तो नकाशावरून पाहून घड्याळात भरावा.

विमानात हेच घड्याळ वेगळ्या नजरेने पाहावे लागते. तेथे त्याचा सर्वांत भरवशाचा उपयोग वेळेचाच आहे. हवाई वाहतुकीतील हवामानवृत्ते, उड्डाणाचे आराखडे व संदेश जगभर एकाच वेळेत, म्हणजे समन्वित विश्ववेळेत दिले जातात. भारतीय प्रमाण वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. दोन्ही वेळा शेजारी शेजारी दाखविणारे घड्याळ असले की रात्री बारानंतर तारीख कोणती लिहावयाची, असे फसवे प्रश्न उरत नाहीत. सेकंद मोजणारी कळ तर लहान विमानात जीव वाचवू शकते. सामान्य वळणाचा वेग सेकंदाला तीन अंश धरलेला आहे. पूर्ण फेरीस दोन मिनिटे व अर्ध्या फेरीस एक मिनिट लागते. चुकून ढगात शिरलेल्या आणि दिशा दाखविणारे मुख्य उपकरण बंद पडलेल्या वैमानिकाला वळण-दर्शकावर वेग स्थिर ठेवून बरोबर एक मिनिट वळत राहिले, तर आल्या वाटेने मागे फिरता येते. किती वेळ वळलो हे अंदाजाने ठरविण्याचा तो प्रसंग नव्हे. इंधनाच्या एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची वेळ झाली, हेही असेच गजर लावून आठवावे.

घड्याळाची उंची मात्र विमानाच्या उंचीमापकाची जागा घेऊ शकत नाही. विमानाचे उंचीमापक बाहेरच्या स्थिर हवेशी नळीने जोडलेले असते. घड्याळ केबिनमधील हवा मोजते, आणि वेगाने जाणाऱ्या विमानात या दोन्हींत फरक पडतो. शिवाय वैमानिक आपले उंचीमापक विमानतळावरून कळविलेल्या दाबाशी वरचेवर जुळवून घेतो. तेवढे करूनही थंडीचा दोष उरतोच. विमानतळावर तापमान शून्याखाली ३० अंश असेल तर त्याच्यावर हजार फूट उंच आहोत असे उपकरण सांगत असता विमान प्रत्यक्षात सुमारे १९० फूट खाली असते. म्हणून अतिथंड प्रदेशांत तेवढी भर घालूनच डोंगरांवरून उतरण्याची उंची ठरवितात.

प्रवासी जेट विमानात आणखी निराळा प्रकार. तेथे केबिनमध्ये हवा कोंडून दाब वाढविलेला असतो. विमान अकरा हजार मीटरांवर असले तरी मनगटावरील घड्याळ अठराशे ते चोवीसशे मीटरच सांगेल. पुष्कळ प्रवाशांना हे चुकीचे वाटते. वस्तुतः या वेळी घड्याळ जे सांगत असते ते माणसाच्या दृष्टीने विमानाच्या उंचीहूनही महत्त्वाचे असते. कारण आपली फुप्फुसे ज्या उंचीवर आहेत ती ही.

१४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीचे बोइंग ७३७ विमान सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले. केबिनमधील दाब राखणाऱ्या यंत्रणेची कळ स्वयंचलित ऐवजी हाताने चालविण्याच्या स्थितीत राहून गेली होती. विमान चढत गेले तसा आतला दाबही उतरत गेला. धोक्याचा भोंगा वाजला. परंतु उड्डाणापूर्वीच्या दुसऱ्या एका दोषासाठीही तसाच भोंगा असल्याने वैमानिकांचा गैरसमज झाला. प्राणवायूच्या अभावाचे वैशिष्ट्य असे की, तो ज्याला होतो त्यालाच तो कळत नाही. प्रथम विचारशक्तीच मंदावते. थोड्याच वेळात दोघेही वैमानिक बेशुद्ध झाले. स्वयंचालकावर चालणारे विमान ३४,००० फुटांवर अथेन्सजवळ घिरट्या घालीत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रामातिको या गावाजवळ कोसळले. आतील १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

मनगटावर घड्याळ असते तर हे टळले असते, असे कोणी म्हणू नये. परंतु ठरविलेली उंची गाठताच गजर करण्याची सोय यांपैकी अनेक घड्याळांत असते. ती दहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरांवर लावून ठेवली तर केबिनचा दाब उतरताना विमानाच्या यंत्रणेशी संबंध नसलेला एक स्वतंत्र साक्षीदार वैमानिकाच्या हातावर असतो. त्याच्या गजराचा दुसरा कोणताही अर्थ लावता येत नाही. तो वाजताच प्रथम प्राणवायूचा मुखवटा चढवावा आणि कारणाचा विचार त्यानंतर करावा.

तापमानाच्या आकड्याविषयी एवढेच की, हातावर असताना घड्याळ अंगाच्या उबेने तापलेले असते. बाहेरच्या हवेचे तापमान हवे असल्यास ते काढून सावलीत वीस-तीस मिनिटे टांगून ठेवावे. कडाक्याच्या थंडीत आकडे दाखविणारा द्रवस्फटिक मंदावतो व विद्युत्‌घट दुबळा होतो. अशा वेळी घड्याळ कोटाच्या बाहीखाली वागवावे आणि पाहण्यापुरतेच उघडे करावे. कवचाच्या कडेला दाबाच्या संवेदकाकडे जाणारी बारीक छिद्रे असतात. चिखल, घाम किंवा समुद्राचे मीठ यांनी ती बुजली म्हणजे उंचीचा आकडा चढता चढता मध्येच अडून राहतो. ती छिद्रे टाचणीने कोरू नयेत, कारण आतील पडदा फाटण्याचा संभव असतो. घड्याळ कोमट गोड्या पाण्यात काही वेळ बुडवून, हलवून धुवावे आणि सुकू द्यावे.